न मारलेला वजीर

मित्रांनो, संघटनेच्या कार्यालयाचा जिना चढून वर आलात की डाव्या हाताला काचेचे एक कपाट लागते. त्याच्या मधल्या फळीवर जो पांढरा वजीर उभा आहे, तो मी. माझ्या मुकुटाचा एक दाता तुटला आहे आणि बुडाची हिरवी बनात, म्हणजे लोकरी कापडाची चकती, कसरीने खाल्ली आहे. म्हातारा झालो, पण डोके शाबूत आहे. लाकडाचे असूनही शाबूत आहे, हे मुद्दाम सांगतो. ज्यांची डोकी लाकडाची नव्हती, ज्यांच्या डोक्यांची वर्तमानपत्रे आरती ओवाळत होती, त्यांची काय दशा झाली ते मी फार जवळून पाहिले आहे. माझ्या आयुष्यात दुसरे पाहण्यासारखे काही नव्हतेच.

माझा जन्म एका बापलेकीच्या कारखान्यात झाला. बाप कातारी होता. तो लेथवर लाकूड फिरवी आणि लेक बारीक पटाशीने आमच्या मुकुटांचे दाते पाडी. मग आमची पोटे पोखरून त्यांत शिसे ओतत, म्हणजे कोणाची बाही लागली तरी आम्ही कोलमडून पडत नाही. हे शिसे माणसांच्या पोटात का ओतत नाहीत, असा प्रश्न मला पुढे अनेकदा पडला.

संच तयार झाला तेव्हा बाप लेकीला म्हणाला, "नीट पुसून ठेव. हे मोहरे अजिंक्यपदाच्या सामन्यांना जायचेत. मोठ्या बुद्धीच्या माणसांच्या हातात पडतील."

लेक म्हणाली, "हात धुतलेले असतात ना त्यांचे?"

पोरगी हुशार होती. हात धुतलेले असत, पण घामाने इतके थबथबलेले असत की डाव संपेपर्यंत माझ्या अंगाची चमक उतरून जाई.

ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पटावर माझ्याएवढी ताकद कोणाचीच नाही. मी सरळ जातो, तिरका जातो, वाट मोकळी असेल तर पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. राजाचा मान मोठा, पण चालतो एकच घर, तेही भीतभीत. तो अडकला आणि त्याला सुटायला जागा उरली नाही की मात झाली, डाव संपला. म्हणून शहाणा खेळाडू मला जिवापाड जपतो. मला फुकट घालवले की पुढचे खेळणे म्हणजे मेलेल्याच्या नाडीवर बोट ठेवून बसणे. आणखी एक नियम लक्षात ठेवा. एकदा हात लावला की तोच मोहरा खेळावा लागतो आणि घरात ठेवून बोटे सोडली की ती खेळी ब्रह्मलिखित होते. तिथे माफी नाही, रडारड नाही. मला हा नियम फार आवडतो.

पहिल्या सामन्याला मी फार थाटात उभा होतो. लोक म्हणत, या खेळाडूंना पंधरा खेळ्या पुढचे दिसते. ते खरेही होते. फक्त पायाखालचे दिसत नव्हते.

एक शल्यविशारद होते. लोकांची पोटे फाडताना त्यांचा हात कधी थरथरला नाही, अशी त्यांची कीर्ती होती. अजिंक्यपदाच्या डावात त्यांची दोन प्यादी जास्त होती, विजय समोर दिसत होता, आणि या गृहस्थांनी मला उचलून थेट एका काळ्या प्याद्याच्या तोंडी दिले. प्याद्याच्या! उंटाने मारले असते, हत्तीने मारले असते तर निदान बरोबरीच्या माणसाने मारल्यासारखे वाटले असते. ते प्यादे आजही याच कपाटात खालच्या फळीवर आहे आणि आमचा बोलण्याचा संबंध नाही. डॉक्टर नंतर पत्रकारांना म्हणाले की हवा कोंदट होती. नाचता येईना, अंगण वाकडे.

दुसऱ्या एका सामन्यात एका बँकेच्या मॅनेजरबाई होत्या. घाबरून इतक्या खचल्या की हरलेल्या नसतानाच त्यांनी हात पुढे करून डाव सोडला. समोरचा खेळाडू क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिला. त्याचा स्वतःचाच राजा अडचणीत होता. पण फुकट मिळते ते कोण सोडतो? त्याने घाईघाईने हात मिळवला आणि बाईंनी विचार बदलण्याआधी सहीसुद्धा घेतली.

असे कितीतरी पाहिले आणि माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. हरत असताना हे लोक वाघासारखे खेळतात. गमावण्यासारखे काही उरलेले नसते, त्यामुळे डोके थंड असते. जिंकायला लागले की मात्र बिघडतात. मग त्यांना पट दिसेनासा होतो. त्यांना उद्याचे वर्तमानपत्र दिसते, आईचा चेहरा दिसतो, गेल्या वेळची हार दिसते. पटावरची चौसष्ट घरे सोडून बाकी सगळे दिसते. वर्षानुवर्षे ज्या घासासाठी तोंड उघडून बसलेले असतात, तो तोंडाशी आला की यांची दातखीळच बसते. मला त्यांची कधी दया आली नाही. तुम्हाला यायची असेल तर येऊ द्या.

आता ज्या सामन्यामुळे मी या कपाटात आलो त्याची गोष्ट सांगतो. त्या दोघांएवढे मूर्ख मी त्याआधी पाहिले नव्हते.

अजिंक्यपद बरीच वर्षे एकाच माणसाकडे होते. वर्तमानपत्रे त्याला 'बर्फाची लादी' म्हणत, कारण खेळताना त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. मी त्याला नुसता विजेता म्हणेन. त्याला आव्हान द्यायला आला तो त्याच्याच धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे त्याचा मेहुणा. मेहुणा शाळेत गणित शिकवी. ही तिघेही लहानपणी एकाच क्लबात, एकाच बाकावर बसून खेळ शिकली होती. बहीण या दोघांना अनेकदा हरवीत असे. पुढे तिने औषधांचे दुकान काढले आणि स्पर्धा सोडल्या. एका घराला दोन वेडे पुरेत, असे ती म्हणे.

मेहुण्याने याआधी दोनदा आव्हान दिले होते आणि दोनदा तो हरला होता. आता मागून तरुण खेळाडूंची रांग लागली होती, त्यामुळे ही त्याची शेवटची संधी होती. त्याला अजिंक्यपद हवे होते. त्यात काही वावगे नाही, सगळ्यांनाच हवे असते. पण या माणसाला ते वेगळ्याच कारणासाठी हवे होते. वर्षानुवर्षे तो विजेत्याच्या घरी जाऊन त्याला सराव देत आला होता. विजेता आपल्या नव्या चाली आधी त्याच्यावर घासून पाही. लोक त्याला तोंडावर 'लादीचा पाट' म्हणत, म्हणजे लादी ज्याच्यावर बसते ती फळी. आणि एवढ्या वर्षांत विजेत्याने त्याच्या खेळाबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता.

सामन्याच्या आदल्या दिवशी पत्रकार जमले होते. छायाचित्रासाठी आम्हाला पटावर मांडून ठेवले होते. एकीने विजेत्याला विचारले, "तुमच्या मेहुण्यांचा खेळ तुम्हाला कसा वाटतो?"

विजेता म्हणाला, "माणूस फार चांगला आहे."

सगळे खो-खो हसले. मेहुणाही हसला. हसताना त्याने मला मुठीत धरले होते आणि त्याच्या अंगठ्याने माझ्या मुकुटाचा दाता इतका दाबला की तो तिथेच तडकला. पुढे तो तुटला. राग आला तर तोंडाने बोलावे. लाकडावर कसला सूड?

सामना अटीतटीचा झाला. शेवटचा डाव उरला तेव्हा दोघांचे गुण सारखे होते. या डावात बरोबरी झाली तर अजिंक्यपद विजेत्याकडेच राहणार होते. म्हणजे मेहुण्याला जिंकावेच लागणार होते. पांढरे मोहरे त्याचे होते, म्हणजे मी त्याचा होतो.

खेळाचा मंच काचेच्या भिंतीने बंद केलेला होता, आवाज आत येऊ नये म्हणून. काचेपलीकडे प्रेक्षक बसत आणि खेळाडूंच्या डोक्यावर, त्यांना दिसणार नाही असा, मोठा पडदा होता. त्यावर यंत्र सांगे की कोण जिंकते आहे, कोण चुकले आहे. घड्याळ सुरू होण्याआधी घरच्या माणसांना दोन मिनिटे आत येऊ देत. बहीण आली. घरात ती नवऱ्याला 'अरे' म्हणे, चारचौघांत 'अहो'.

"अहो, कॉलर दुमडलीय."

"राहू दे."

"काही खाल्लंत का?"

"नंतर खाईन. आज नाही तर परत कधीच नाही गं."

तिने कॉलर सरळ केली आणि वळून भावाला विचारले, "दादा, तू जेवलास?"

"जेवलो."

"खोटं बोलू नकोस. ओठ सुकलेत तुझे."

"तू जा बघू आता," विजेता म्हणाला.

"जाते. पण एक ध्यानात ठेवा दोघंही. आज कोणीतरी हरणार, आणि उद्या घरी मला दोघांनाही वाढायचंय."

एवढे बोलून ती गेली आणि काचेपलीकडे पहिल्या रांगेत बसली.

मेहुणा त्या दिवशी सुरेख खेळला. हे मला मान्य केले पाहिजे, आणि करताना जिवावर येते. त्याने आमचा एक उंट लांबच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला, दुसरा पटाच्या मध्यात, आणि घोडा अशा घरात रोवला की काळ्या सैन्याला श्वास घेणे कठीण झाले. लादीला घाम फुटला. तिचे कान लाल झाले. मी त्या माणसाच्या कानांचा रंग बदलताना पहिल्यांदाच पाहिला.

आणि मग मात आली. पटावर उघडीवाघडी पडली होती. आधी घोड्याने उडी मारून शह द्यायचा. काळ्या राजाला पळायला कोपऱ्यातले एकच घर, तो तिथे जाणार. तो तिथे गेला की त्याच्यापुढे उभा असलेला काळा उंट जागच्या जागी अडकणार, कारण तो हलला तर आमच्या दूरच्या उंटाचा शह थेट राजावर बसेल. मग मी पुढे सरकून कोपऱ्यातल्या राजासमोर उभा राहणार. मला मारू शकणारा उंट बांधलेला, राजाला हलायला जागा नाही. मात! आधी घोडा, मग मी. क्रम एवढाच. दोन खेळ्या आणि अजिंक्यपद.

मेहुण्याला ते लगेच दिसले. त्याच वेळी त्याने उठून खेळी केली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी आज कोणा म्युझियममध्ये मखमलीवर असतो. पण नाही! इतके मोठे घबाड इतक्या सहज कसे मिळेल, असे त्याला वाटले. म्हणून त्याने पुन्हा तपासले. मग पुन्हा. मग प्रशिक्षकाने शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि आणखी एकदा तपासले. तो मनातल्या मनात घोडा उडवी, राजा कोपऱ्यात नेई, मला पुढे सरकवी, मात करी, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. असे त्याने इतक्यांदा केले की त्याच्या मनात घोडा उडी मारून त्या घरात जाऊन बसला, तो बसलाच. पटावरचा घोडा मात्र जागच्या जागी उभा होता. त्याला कोणी हातही लावला नव्हता.

मेहुण्याचा हात पुढे आला. घोड्यावरून पुढे गेला. माझ्यावर आला.

अरे मूर्खा, घोडा! घोडा आधी! पण लाकडाचा आवाज कोण ऐकतो? त्याने मला उचलले, मोठ्या डौलाने पुढे नेले आणि त्या घरात ठेवून बोटे सोडली. घड्याळ दाबले. कागदावर खेळी लिहिली. मग त्याने मान वर करून पटाकडे पाहिले.

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. मी त्या घरात एकटा उभा होतो. काळा राजा कोपऱ्यात गेलेला नव्हता, म्हणून काळा उंट अडकलेला नव्हता. त्याने एक पाऊल टाकायचे आणि मला उचलून पटाबाहेर फेकायचे. काल खेळ शिकलेले पोरसुद्धा ते करील. बुद्धिबळ न येणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक होऊच शकत नाही, कारण त्याला ती मात मुळी दिसलीच नसती. असा गाढवपणा करायला तीस वर्षांचा अभ्यास लागतो.

काचेपलीकडे लोकांची तोंडे उघडी पडली होती. बहिणीने तोंडावर हात दाबून धरला होता.

आता पाळी विजेत्याची. त्याने माझ्याकडे पाहिले. उंटाकडे पाहिले. हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे. पाण्याचा घोट घेतला. मग तो नखे खायला लागला. अजिंक्यपद सांभाळणारा माणूस, आणि नखे! त्याच्यासमोर विजय ताटात वाढून ठेवला होता आणि तो ताटाकडे संशयाने बघत होता, यात विष तर नाही ना म्हणून. मेहुणा तर दगड होऊन बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते, कारण त्याच्या आत काहीच उरले नव्हते. विजेत्याला वाटले, हा शांत आहे.

बराच वेळ गेला. शेवटी विजेत्याने मला मारले नाही. त्याने आपला दुसरा उंट आणून राजाच्या संरक्षणाला उभा केला आणि रुमालाने कपाळ पुसले. ताक फुंकून पिणारे पुष्कळ पाहिले, पण या शहाण्याने ताक फुंकत फुंकत सांडून टाकले.

आणि आता ऐका, मित्रांनो, कारण खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. मी राजाच्या इतका जवळ उभा होतो की आता घोड्याने तीच जुनी उडी मारली असती, तर तो नुसता शह नव्हता. ती मात होती. एका खेळीत! कोपऱ्यातले ते घर मी रोखून धरले होते, बाकीची वाट काळ्यांनी स्वतःच अडवली होती. विजेत्याने मला न मारून मेहुण्याला अजिंक्यपद दुसऱ्यांदा देऊ केले होते.

मेहुण्याने घोड्याकडे पाहिलेच नाही. ज्या घोड्याला आपण विसरलो, त्याच्याकडे बघण्याची त्याला लाज वाटत होती, असे तो नंतर म्हणाला. त्याला फक्त मी दिसत होतो, मरता मरता वाचलेला. त्याने चोरी उघड होण्याआधी मुद्देमाल लपवावा तसे घाईने मला उचलले आणि मागे नेऊन ठेवले. मग सुटकेचा असा नि:श्वास टाकला की जणू लढाई जिंकला. काचेपलीकडे कोणीतरी कपाळावर हात मारून घेतला. बहिणीने डोळे मिटले.

पुढे सांगण्यासारखे काही झाले नाही. विजेत्याने भोके बुजवली. दोघांनी त्याच त्याच खेळ्या पुन्हा केल्या, हात मिळवले, बरोबरी झाली. अजिंक्यपद होते तिथेच राहिले. टाळ्या वाजल्या, छायाचित्रे निघाली. मेहुण्याने सगळ्यांशी नीट हसून हात मिळवले. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

डाव संपला की दोघांनी बसून तोच डाव पुन्हा मांडून बघायचा, अशी या लोकांची जुनी रीत आहे. कोण कुठे चुकले ते बघायचे म्हणे. गर्दी पांगली, मुख्य पंच कागद आवरून गेला आणि हे दोघे पुन्हा पटावर बसले. बहीण त्यांचे कोट घेऊन आत आली आणि बाजूला उभी राहिली. डाव त्या जागेपर्यंत आला.

"इथे काय झालं तुला?" विजेत्याने विचारले.

"घोडा आधी होता. घोड्याचा शह, तू कोपऱ्यात, तुझा उंट अडकला, मग वजीर." मेहुण्याने हात न लावता बोटाने दाखवले. "मी वजीर आधी उचलला. डोक्यात घोडा केव्हाच जाऊन बसला होता."

विजेता पटाकडे बघत राहिला. "मेलो होतो की मी."

"हो. मेला होतास."

"आणि नंतर वजीर मागे नेलास."

"मग काय करणार? नशिबानं वाचला होता."

"अहो, मागे कशाला नेलात?" बहीण म्हणाली. तिने दोन्ही कोट एका हातात घेतले, वाकून घोडा उचलला आणि त्याची उडी मारून दाखवली. "हे बघा."

दोघेही पटावर ओणवे झाले. विजेत्याने राजाच्या भोवतीचे एकेक घर बोटाने तपासले. मग त्याचे बोट थांबले.

"मात," तो म्हणाला.

"तुला दिसली होती ही?" मेहुण्याने बायकोला विचारले.

"मला? अरे, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसत होती." चारचौघे नव्हते, म्हणून 'अहो' सुटले होते. "वर पडद्यावर लाल दिवा लुकलुकत होता. फक्त तुम्ही दोघं शहाणे काचेच्या आत. मी ओठ चावून बसले होते. ही मात झाली तर माझा भाऊ गेला, नाही झाली तर नवरा गेला. ओरडायचं तरी कोणाच्या नावानं?"

घोडा तिथेच होता, मी तिथेच होतो, आणि काळा राजा मेलेला होता. मेहुण्याने पटाकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग त्याने मला हलकेच बोट लावले आणि विजेत्याला विचारले, "तू उंटानं हा मारला का नाहीस? फुकट होता."

"हात नेला होता मी."

"बघितलं. मग?"

विजेत्याने तोंड पुसले. "वाटलं, काहीतरी आहे. मला दिसत नाही, पण आहे."

"काही नव्हतं रे. चूक होती, साधी चूक."

"आता कळलं ते. तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही." तो अडखळला. हे बोलणे त्याला खेळण्याहून जड जात होते. "दुसरा कोणी असता ना, तर डोळे मिटून मारला असता मी. तू होतास समोर. तू चुकशील असं मला वाटलंच नाही."

बहिणीच्या हातातला एक कोट खाली घसरला. तिने तो उचलला नाही.

"परत बोल," मेहुणा म्हणाला.

"काय?"

"आत्ता बोललास ते. परत एकदा बोल."

"तू चुकशील असं मला वाटलं नाही. कधीच वाटत नाही. म्हणून तर तुझ्याशीच सराव करतो, बाकीच्यांत काय आहे?"

मेहुणा रडला. अजिंक्यपद हातचे गेले तेव्हा रडला नव्हता, तो हे ऐकून दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. विजेता त्याच्यासमोर अवघडून बसून राहिला आणि आम्हा मोहऱ्यांना उगाच सरळ करत राहिला.

मी त्या दिवशी सर्वांत जास्त चिडलो. चुकांमुळे नव्हे, चुका मला नव्या नव्हत्या. इतकी वर्षे हे दोघे एका खोलीत बसून माझ्यासारख्याच मोहऱ्यांशी खेळत होते. मध्ये एक पट, बस्स. त्या खोलीत चहा झाला असेल, पंखा फिरला असेल, मुलांच्या परीक्षांच्या गप्पा झाल्या असतील. एवढ्या काळात हे एक वाक्य त्या बर्फाच्या लादीच्या तोंडून बाहेर पडू शकले नाही. ते बाहेर यायला मेहुण्याला अजिंक्यपद दोनदा मातीत घालावे लागले, आणि मला एका उंटाच्या तोंडापुढे मान खाली घालून उभे राहावे लागले.

मेहुणा पुन्हा कधी आव्हान द्यायला आला नाही. विजेत्याचे पद पुढच्याच सामन्यात एका तरुण मुलीने काढून घेतले. संघटनेने पोटात तारा असलेले नवे मोहरे आणले, ते आपली जागा आपणच यंत्राला कळवतात. आमची रवानगी या कपाटात झाली. कारकून काचेवर छत्री टेकवून ठेवतो. धूळ कोणी पुसत नाही. माझ्या पायाशी एक चिठ्ठी चिकटवली आहे : 'अजिंक्यपदाच्या शेवटच्या डावात न मारलेला वजीर.' लोक वाचतात आणि हसतात. ज्याने मला मारायचे होते तो काळा उंट माझ्या शेजारीच उभा आहे. त्यालाही हसतात. आमचा दोघांचा यात काय गुन्हा, हे विचारायला कोणी थांबत नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला पुन्हा खेळायला न्या, अशी विनवणी मी करणार नाही. कपाटात बरा आहे, निदान घामट हात तरी लागत नाहीत. माझी विनंती दुसरी आहे. तुमच्या समोर रोज कोणीतरी बसत असेल. बाकावर, कामाच्या टेबलाशी, जेवणाच्या ताटावर. तुम्ही त्याला मनातून मानत असाल आणि तोंडाने कधी बोलला नसाल, तर आज बोला. त्याने वजीर फुकट घालवण्याची वाट बघू नका. त्यासाठी फक्त तोंड लागते, बुद्धी लागत नाही. आणि बुद्धी लागत नाही तेच बरे, कारण ती माणसाच्या जातीत किती आहे, ते मी पाहिले आहे.